काळजिभीचा ताम्रपट

ज्याने तो शब्द पहिल्यांदा कुणाच्या अंगावर फेकला, त्याला सगळे ठाऊक होते. आपण काय करतो आहोत, कुणाला करतो आहोत आणि कशासाठी करतो आहोत, तिन्ही ठाऊक होते. तरी त्याने तो फेकला, हात धुतले आणि जेवायला बसला. त्याचे नाव कुणी विचारले नाही. त्याच्यामागून ज्यांनी ज्यांनी तो शब्द आनंदाने तोंडात घोळवला, त्यांचीही नावे कुणी विचारली नाहीत.

एका राज्यात सात विहिरी होत्या आणि एक शब्दकोठी होती. विहिरींत पाणी असे, शब्दकोठीत अर्थ. दगडी फडताळांत ताम्रपट रचलेले असत, एका पटावर एक शब्द आणि त्याखाली त्याचा अर्थ. राज्याचा कायदा जुना होता आणि चांगला होता. ज्या शब्दाने माणसाला शिक्षा व्हायची, त्या शब्दाचा अर्थ आधी भर चौकात वाचून दाखवायचा. कुणाला चोर म्हटले तर चोराचा पट आणायचा, वाचायचा आणि मगच बेडी ठोकायची.

एकच पट कधी वाचला जात नसे. तो काळ्या फडक्यात गुंडाळलेला असे. त्यावर शब्द होता 'काळजिभी'. जिच्या तोंडून निघालेले अशुभ खरे होते ती काळजिभी, असे पोरेटोरेही सांगत. कुणा बाईवर तो आळ आला की फडक्यासकट पट चौकात यायचा. शब्दकोठीचे शास्त्री म्हणायचे, "अर्थ सर्वांना ठाऊक आहे." लोक म्हणायचे, "ठाऊक आहे." मग सारे नगर त्या बाईला त्या शब्दाने तीनदा हाक मारी. पहिल्या हाकेला तिचे पाय बदलत, दुसऱ्या हाकेला हात, आणि तिसऱ्या हाकेला तिची टिटवी होऊन ती नदीकडे उडून जाई. ऐंशी वर्षांत अशा एकेचाळीस टिटव्या झाल्या होत्या. म्हणून त्या नगरात टिटवी ओरडली की जो तो जागच्या जागी डोळे मिटी, कानांत बोटे घाली आणि ओरडणे थांबेपर्यंत हलत नसे.

कमळजा शब्दकोठीत ताम्रपट घासायचे काम करी. चिंच आणि राख घेऊन ती सकाळी बसे ते पार उन्हे कलेपर्यंत. घासता घासता वाचायला शिकली आणि वाचता वाचता प्रश्न विचारायला. नगरात हा दुसरा गुण फारसा कुणाला आवडत नसे. तिचा नवरा गेल्या उन्हाळ्यात नखे निळी पडून मेला होता. घरात दोघीच उरल्या होत्या, ती आणि तिची सासू भागाई.

भागाईच्या तोंडाला सारी आळी भीत असे. सून भाकरी थापू लागली की ती म्हणे, "सूनबाई, भाकरी आहे ती, ताम्रपट नव्हे. घासू नकोस, थाप." पण मुलगा गेल्यापासून भागाईला एकच ध्यास लागला होता. रोज पहाटे ती सातांपैकी एका विहिरीवर जाई, ओंजळभर पाणी तोंडात घेई, घोळवी, थुंके आणि परत येई. कमळजा म्हणे, "आत्याबाई, हे काय चालवलंय?"

"माझ्या लेकाला कोणत्या विहिरीनं गिळलं, ते कळल्याशिवाय मी मरायची नाही."

भागाईच्या जिभेवर आधी एक काळा ठिपका आला, नंतर पट्टा उमटला. दिवाळीपर्यंत सारी जीभ शाईत बुडवल्यासारखी झाली.

एका बाजारच्या दिवशी भागाई कोथिंबिरीच्या पाट्यांमध्ये उभी राहिली आणि ओरडून म्हणाली, "सिंहविहिरीचं पाणी पिऊ नका ग बायांनो. कडू झालंय." बाया हसल्या. चौथ्या दिवशी सिंहविहिरीपाशी राहणाऱ्या साळ्याची दोन लेकरे गेली. त्यांची नखे निळी होती. दुपारच्या आत राजाचे शिपाई दारात आले.

"म्हातारे, जीभ दाखव."

भागाई लाजणारी बाई नव्हती. तिने जमादाराच्या नाकासमोर बोटभर जीभ बाहेर काढली. जमादार दोन पावले मागे सरला आणि मग त्याने तिला बांधले.

राजा मेघांक सिंहासनावर बसला होता. त्याच्या उजव्या हाताला चांदीची झारी होती. तिच्यात डोंगरमाथ्यावरच्या झऱ्याचे पाणी असे आणि तो दुसरे पाणी पीत नसे. तो म्हणाला, "सातव्या दिवशी दुपारी चौकात हाक होईल."

"महाराज," कमळजा गर्दीतून पुढे आली, "कायदा सांगतो, अर्थ वाचावा."

"अर्थ सर्वांना ठाऊक आहे."

"मग वाचायला कुणाची हरकत असावी?"

राजाने तिच्याकडे नीट पाहिले. "वाच," तो म्हणाला. "सातव्या दिवशी चौकात वाच. वाचता आले नाही, तर सासूशेजारी तूही उभी राहशील."

कमळजा धावतच शब्दकोठीत गेली. तिने काळे फडके ओढून काढले. पटावर शब्द होता. त्याखाली तांबे कोरे होते.

मागे पुंडरीकशास्त्री उभे होते. एकोणीस वेळा त्यांनी चौकात "अर्थ सर्वांना ठाऊक आहे" म्हटले होते. ते जमिनीकडे पाहत बोलले. "मुली, अर्थ कोरलेला होता. भस्मकंठ मांत्रिकाने तो पटावरून उपटला आणि त्याचे तीन तुकडे केले. ती कोण होती, हा तुकडा नदीकाठच्या टिटव्यांपाशी आहे. तिची जीभ काळी का झाली, हा तुकडा त्याने स्वतःपाशी ठेवला. आणि शब्द कुणी फिरवला, हा तुकडा राजवाड्याच्या विहिरीत तळाशी आहे. जो तुकडा तू ऐकशील, तो पटावर परत उमटेल."

"तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"होते."

"आणि एकोणीस वेळा...?"

कमळजा उत्तरासाठी थांबली नाही. पट फडक्यात बांधून तिने पाठीवर घेतला आणि ती कोठडीच्या गजांशी गेली.

"आत्याबाई, मी अर्थ आणते. तुम्हाला सोडवते."

"सोडवशील तेव्हा सोडवशील," भागाई आतून म्हणाली. "आधी शेळी सोडून दे शेजारच्यांकडे. नाहीतर उपाशी ओरडत राहील बिचारी." आणि मग हळू आवाजात, "सूनबाई, मला पाखरू होऊन मरायचं नाही ग. माणूस म्हणून मरू दे मला. तेवढं बघ."

दोन दिवस चालून कमळजा नदीच्या वाळवंटात पोहोचली. तिथे गोट्यांमध्ये टिटव्या बसल्या होत्या. तिला पाहताच साऱ्या आकाशात उठल्या आणि ओरडू लागल्या. जन्मभराच्या सवयीने तिचे हात कानांकडे गेले. तिने ते खाली ओढले, डोळे उघडे ठेवले आणि सबंध ओरडणे ऐकून घेतले. तेव्हा त्यातले शब्द तिला कळू लागले. "पुढे डोह आहे! पुढे डोह आहे!" टिटव्या ओरडत होत्या. तिने खाली पाहिले. पुढच्याच पावलावर वाळू संपून काळा डोह सुरू होत होता.

एक थोराड टिटवी तिच्यासमोर उतरली. "ऐंशी वर्षांत तू पहिली थांबलीस. काय हवं?"

"काळजिभी कोण होती, ते सांगा."

"सांगेन. पण आधी तू एक सांग. तुझ्या सासूची जीभ काळी झाली, हे नगरात कुणी सांगितलं?"

कमळजेने नदीकडे पाहिले, पटाची गाठ उगीच घट्ट केली. शेवटी ती म्हणाली, "मी. पाणवठ्यावर. बायकांत हसता हसता बोलून गेले. म्हटलं, आमच्या आत्याबाईंची जीभ आधी नुसती तिखट होती, आता काळीही झालीय. सगळ्या हसल्या. मीही हसले."

"मलाही माझ्या जावेनं असंच हसता हसता लोकांच्या हाती दिलं होतं," टिटवी म्हणाली. "ऐक. काळजिभी ही राजाने नेमलेली बाई असे. सात विहिरींना सात काळजिभी. राज्यात राजाच्या खालोखाल त्यांचा मान. पंगतीत पहिलं पान त्यांचं. त्या विहीर चाखत."

कमळजेच्या पाठीवर तांबे गरम झाले. पहिली ओळ उमटली होती.

तिसऱ्या दिवशी ती राखेच्या डोंगरावर चढली. तिथे भस्मकंठ बसला होता. नगरात एक बाई टिटवी झाली की त्याला दोन वर्षे आयुष्य मिळे. एकेचाळीस बायांचे आयुष्य त्याच्या अंगावर सुरकुत्यांसारखे लोंबत होते. समोर तीन वाट्यांत पाणी होते.

"तुकडा स्वस्त आहे," तो म्हणाला. "सासूला त्या शब्दाने इथे एकदाच हाक मार. कुणी ऐकणार नाही. एका हाकेने कुणी टिटवी होत नाही. मार आणि घेऊन जा."

"नाही."

"दोनदा बोललीस पाणवठ्यावर तेव्हा जड गेले नाही."

"एकदाच बोलले होते," कमळजा म्हणाली, "आणि ते जन्मभर जड जाणार आहे."

मांत्रिक हसला. "मग या वाट्या आहेत. दोन गोड, एक सिंहविहिरीची. वास नाही, रंग नाही. घोट एकीचाच घ्यायचा. गोड वाटीचा घेतलास तर रिकाम्या हाताने घरी जा."

"आणि कडूचा घेतला तर?"

"कडूचा घोट कुणी घेते का?"

कमळजेने पहिली वाटी ओठांना लावली आणि खाली ठेवली. दुसरी लावली आणि खाली ठेवली. तिसरीचा घोट तोंडात घेतला. जिभेला लोखंड चाटल्यासारखे झाले, मग आग, मग काहीच नाही. तिने तो घोट थुंकला नाही. मांत्रिकाच्या चेहऱ्याकडे पाहत तोंडात घोळवत राहिली. मग राखेत थुंकून म्हणाली, "हिच्यात विष आहे. ही कुणी पिऊ नका." आणि तिने जीभ बाहेर काढून दाखवली. तिच्यावर काळा डाग पडला होता.

भस्मकंठाचे हसू गेले. त्याचा मंत्र दुसऱ्याला मारलेल्या हाकेवर चाले. आपणहून काळी केलेल्या जिभेवर त्याचे काही चालत नसे, आणि तिने विचारले तर त्याला उत्तर द्यावेच लागे.

"जीभ का काळी झाली?" तिने विचारले.

"चाखून चाखून," तो दात खात म्हणाला. "दर अमावास्येला, कुणीही घागर बुडवण्याआधी, त्या पाणी चाखत. गोड असले तर घोट पीत आणि बाजूला होत. कडू असले तर थुंकत आणि काठावर काळे फडके बांधत. ते विष त्यांच्या जिभेत मुरे. जिची जीभ जास्त काळी, तिने जास्त माणसे वाचवली असे धरत. आता जा."

दुसरी ओळ उमटली. ते फडके कशाचे, हे कमळजेला आता कळले. ऐंशी वर्षे पट ज्यात गुंडाळला होता, ते विहिरीवरचेच फडके होते.

सातव्या दिवशी, दुपार व्हायच्या आत, ती राजवाड्याच्या मागच्या भिंतीशी उभी राहिली. वाड्याच्या विहिरीवर बारा पहारेकरी होते. कमळजेने नदीच्या दिशेने तोंड करून एकच हाक घातली. "बायांनो, या!" एकेचाळीस टिटव्या वाड्यावर आल्या आणि ओरडू लागल्या. बाराही पहारेकऱ्यांनी डोळे गच्च मिटले आणि कानांत बोटे घातली. त्यांच्या मधून, हातभर अंतरावरून, कमळजा चालत गेली आणि विहिरीच्या पायऱ्या उतरली. टिटव्या ओरडत राहिल्या. पहारेकरी हलले नाहीत. शिस्तीची माणसे होती ती.

तिने बुडी मारली. तळाशी हिरवा उजेड होता. तिथे परक्या नगराची लूट पडली होती. सोन्याचे हंडे, निळसर धातूचे हत्ती, राण्यांचे मुकुट. सगळ्यांवर हिरवी बुरशी चढली होती, आणि तिच्यातून धुरासारखे विष सुटून सात झऱ्यांमध्ये शिरत होते. सात झरे म्हणजे सात विहिरी. ढिगाच्या मध्ये एका देवीचे पितळी शिर होते. शिराने डोळे उघडले.

"सोनं न्यायला आलीस की शब्द?"

पाण्याखाली बोलता येत नव्हते. कमळजेने तोंड उघडले आणि जीभ दाखवली.

"अगं, तू होय," शिर म्हणाले, जणू ओळखीची बाई फार दिवसांनी भेटली होती. "ऐक, श्वास संपायच्या आत. या राजाच्या पणजोबानं माझं नगर जाळलं आणि मला इथं लपवलं. मी शाप दिला की हे सोनं ज्या पाण्यात राहील ते पाणी मारेल. त्याच्या काळजिभीनं पाणी चाखलं आणि भर सभेत सांगितलं, महाराज, विष तुमच्या लुटीत आहे, ती बाहेर काढा. त्याला लूट सोडवेना. त्यानं मांत्रिक बोलावला, पट पुसला आणि चौकात एकच वाक्य बोलला. ही बोलली म्हणून पाणी नासलं. एकदाच बोलला तो. पुढचं सगळं लोकांनी केलं."

तिसरी ओळ उमटली. विहिरीचे पाणी कमरेच्या छोट्या घागरीत भरून कमळजा वर आली. तिच्या हातांची नखे निळी झाली होती.

इकडे चौक भरला होता. भागाई खांबाला बांधलेली होती. उन्हात कुणी छत्र्या धरल्या होत्या, कुणी मुलांना खांद्यावर घेतले होते. कमळजा आली नाही असे पाहून राजाने हात उचलला. पहिली हाक झाली आणि भागाईच्या लुगड्याखाली पिवळे, काटकुळे पाय दिसू लागले. "गळे फाडा अजून," ती लोकांना म्हणाली, "माझा लेक गेला तेव्हा एवढी माणसं आली नव्हती." दुसरी हाक झाली. तिच्या दंडांवर पिसे उठली. तिचे डोळे वाटेवर लागले.

"थांबा!" कमळजा गर्दीतून ओलीचिंब येत होती. "पट वाचायचा आहे. कायदा आहे!"

राजा म्हणाला, "वाच." पट कोरा आहे, हे त्याला ठाऊक होते.

कमळजेने फडके काढले आणि पट उन्हात धरला. तिसऱ्या रांगेतल्या माणसालाही अक्षरे दिसली. तिने मोठ्याने वाचले.

"काळजिभी. राजाने नेमलेली बाई, जी सर्वांच्या आधी पाणी चाखते. विष तिच्या जिभेवर थांबते, म्हणून ते दुसऱ्याच्या पोटात जात नाही. हिचे बोलणे ज्या राजाला सोसले नाही, त्याने हिचा शब्द फिरवला, आणि ज्या लोकांना ही वाचवीत होती त्यांनी तो फिरवू दिला."

राजा उठून ओरडला, "तिसरी हाक मारा!"

"मारा," कमळजा म्हणाली. "मलाही मारा. माझीही जीभ काळी आहे." तिने ती सगळ्यांना दाखवली. मग घागर दगडावर ठेवली. "हे राजवाड्याच्या विहिरीचं पाणी. त्याच झऱ्यांचं पाणी तुमच्या साती विहिरींत येतं. ज्याला हाक मारायची आहे त्याने आधी यातला एक घोट प्यावा. महाराज, मान पहिला आपला."

राजाने घागरीकडे पाहिले. मग त्याचा हात, त्याला न विचारता, उजवीकडच्या चांदीच्या झारीवर गेला आणि तिथेच थांबला. सगळ्या चौकाने तो हात पाहिला. साळ्याची बायको पाहत होती. तिची दोन्ही मुले गेली होती. ती पुढे आली आणि भागाईच्या दोऱ्या सोडू लागली. तिला कुणी अडवले नाही.

तिसरी हाक कुणी मारली नाही. शब्दाला त्याचा अर्थ परत मिळाला आणि राखेच्या डोंगरावर भस्मकंठ मूठभर राख होऊन बसल्या जागी विस्कटला. टिटव्या चौकात उतरल्या. सोळा बाया होऊन उभ्या राहिल्या, काहींच्या लेकी त्यांच्याहून म्हाताऱ्या झालेल्या. उरलेल्या पंचवीस जणींची वर्षे कधीच संपून गेली होती. त्यांच्या जागी पिसे पडली, आणि ती कुणी झाडायची हे बराच वेळ कुणाला कळेना.

कमळजेने विहिरीतल्या लुटीची हकिगत सांगितली, तेव्हा लोकांनी ती लूट राजाला आणि त्याच्या दरबाऱ्यांना स्वतःच्या हातांनी बाहेर काढायला लावली. देवीचे शिर तिच्या जळक्या नगरात परत नेऊन ठेवले. राजाची नखे निळी झाली. पावसाळा संपायच्या आत तो गेला, आणि त्याची बहीण वसुमती गादीवर बसली. तिने सात काळजिभी नेमल्या, त्यांत सिंहविहिरीला कमळजा. पंगतीत पहिले पान त्यांचे झाले. शाप उतरला तरी जमिनीत मुरलेले विष अजून बरीच वर्षे झिरपणार होते.

भागाईची पिसे गळाली, पण पाय टिटवीचेच राहिले. ती काठी टेकत अंगणात फिरे आणि सुनेच्या भाकरीला नावे ठेवी. वर्षभराने, चाखलेल्या पाण्यानेच, ती अंथरुणावर मेली. शेवटच्या दिवशी तिने आपले हात उजेडात धरून पाहिले, पाची बोटे उघडली, मिटली, आणि म्हणाली, "माणसाचे आहेत. झालं तर." कमळजेने तिचे डोळे मिटले.

तेराव्यानंतरच्या अमावास्येला कमळजा सिंहविहिरीवर गेली. सकाळची कोवळी उन्हे होती. घागरी घेऊन वीस-पंचवीस बाया रांगेत उभ्या होत्या. कमळजा पायऱ्या उतरली. तिच्या नखांचा निळेपणा केव्हाच उतरला होता, पण जीभ आता भागाईच्या जिभेइतकीच काळी होती. तिने ओंजळीत पाणी घेतले. पाण्यात तिला तिचा चेहरा दिसला. या ओंजळीत काय आहे, हे तिला ठाऊक नव्हते. ते ठाऊक नसणे हेच तिचे काम होते.

रांगेतल्या पहिल्या बाईने, कुंभाराच्या सगुणेने, घागर या कडेवरून त्या कडेवर घेतली.

"चाख की ग लवकर," ती म्हणाली, "घरी चूल पेटवून आलेय मी."